सव्वा तासात आणलं तरी काहून असं झालं? लकव्याच्या रुग्णांचे नातेवाईक विचारतात ते प्रश्न

नागपुरातल्या एका रुग्णालयात मी लकव्याचे रुग्ण पाहतो. सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर बाकावर बसलेले नातेवाईक नाना प्रश्न विचारतात, पण त्यातले बरेचसे फिरून एकाच जागी येतात: एकाचं इतकं झपाट्याने का बिघडतं आणि दुसऱ्याचं का नाही? तिथे उभ्या उभ्या जे नीट सांगता येत नाही, ते इथे लिहिलं आहे. हे सगळं गुठळीने रक्त अडून येणाऱ्या लकव्याबद्दल आहे. मेंदूत रक्तस्राव होऊन येणारा लकवा वेगळा, त्याचा हिशेबही वेगळा. दोन्हींतला फरक बाहेरून पाहून कुणालाच खात्रीने सांगता येत नाही, मलाही नाही. त्यासाठी स्कॅनच लागतो.

आमच्या बाबाले सव्वा तासात आणलं. बाजूच्या खाटेवरचे काका नऊ तासांनी आले, अन् आज हात उचलतात. असं काहून?

उमरेडकडच्या एका मुलाने हे विचारलं होतं. सकाळी चहा पिताना वडिलांच्या हातातून कप सुटला, तोंड वाकडं झालं. पोराने शेजाऱ्याची गाडी काढली आणि थेट नागपूर गाठलं. बाजूचे काका चंद्रपूरच्या पलीकडचे. आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला, मग इथे. दोघांचीही मेंदूतली तीच मोठी रक्तवाहिनी, जवळजवळ त्याच जागी बंद झालेली. पण दोघांचे स्कॅन शेजारी शेजारी लावले असते, तर वेळा उलटसुलट लिहिल्या गेल्यात असंच कुणालाही वाटलं असतं.

त्या मुलाने काहीही चुकवलं नव्हतं, हे आधी सांगतो. गुठळी बसल्यावर मेंदू किती वेगाने मरतो, हे मुख्यतः त्या माणसाच्या डोक्यातल्या आडवाटांवर ठरतं. त्या कुणाकडे भरपूर असतात, कुणाकडे जेमतेम. वडिलांकडे जवळजवळ नव्हत्याच.

मेंदू ‘हळूहळू मरतो’ म्हणजे काय? रक्त थांबलं की सगळं एकदम जात नाही का?

नाही, आणि सगळे उपचार याच एका गोष्टीवर उभे आहेत. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळपास २० टक्के तो एकटाच वापरतो. साठा मात्र काही ठेवत नाही. निरोगी मेंदूच्या दर १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळतं. ते २० च्या खाली गेलं की पेशी काम थांबवतात, पण जिवंत असतात. १० च्या खाली गेलं की मिनिटांत मरू लागतात.

म्हणून गुठळीच्या पुढे दोन भाग तयार होतात. मधला गाभा मेलेला असतो. त्याच्या भोवती मुका पण जिवंत भाग असतो, ज्याला थोडंफार रक्त कुठून तरी मिळतंय. हात हलत नाही, बोलता येत नाही, यातलं बरंच काही या भोवतालच्या भागामुळे असतं, आणि रक्त परत मिळालं तर तो भाग पुन्हा कामाला लागू शकतो. गाभा बाहेरच्या बाजूने त्याला खात जातो. कुणाचा तासाभरात खाऊन होतो, कुणाचा दिवसभरात अर्धासुद्धा नाही.

‘दर मिनिटाला १९ लाख पेशी मरतात’ असं व्हॉट्सअॅपवर येतं. खरं आहे का?

आकडा खरा, पण सरासरीचा. अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये तो मांडला. मोठी रक्तवाहिनी बंद झालेल्या ठराविक रुग्णात साधारण १० तासांत ५४ मिलिलिटर मेंदू मरतो असं धरून केलेलं ते गणित होतं. पुढे २०१९ मध्ये प्रत्यक्ष रुग्णांच्या स्कॅनवरून वेग काढला गेला, तेव्हा तो मिनिटाला ३५ हजार पेशींहून कमी ते २ कोटी ७० लाखांहून जास्त इतका पसरलेला निघाला.

म्हणजे काही शेकडो पटींचा फरक. पाच-दहा टक्क्यांचा असता तर मी हे पान लिहायला बसलोच नसतो.

आडवाटा म्हणजे नेमकं काय?

काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराला हे समजावताना मला स्वतःला जास्त चांगलं समजलं, म्हणून त्यांचंच उदाहरण देतो. बागेत ठिबक आहे. मेन लाइन, तिच्यातून निघालेल्या नळ्या, प्रत्येक नळीवर झाडं. नळीचं टोक बंद असेल आणि सुरुवातीलाच कचरा अडकला, तर त्या ओळीतली सगळी झाडं कोरडी. पण शेजारच्या दोन नळ्यांची टोकं एकमेकींना जोडलेली असतील, तर पाणी पलीकडून फिरून उलट्या दिशेने येतं. दाब कमी असतो, शेवटच्या झाडाला थेंबच मिळतात, पण झाड जगतं.

मेंदूच्या पृष्ठभागावर पुढची, मधली आणि मागची अशा रक्तवाहिन्यांची टोकं बारीक फांद्यांनी एकमेकींना जोडलेली असतात. एरवी त्यांतून फारसं काही वाहत नाही. मधली बंद पडली की पुढची आणि मागची या फांद्यांतून उलटं रक्त ढकलतात. या झाल्या मुख्य आडवाटा. शिवाय मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक कडं असतं. थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि ते आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात ते गोल आणि पूर्ण दिसतं, पण अनेकांमध्ये त्याचा एखादा तुकडा बारीक किंवा गायबच असतो. कुणाला आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही, कारण एरवी त्याची गरजच पडत नाही.

मेंदूच्या आत खोलवर शिरणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या मात्र टोक बंद असलेल्या नळ्यांसारख्या. त्यांना पलीकडून मदत नाही. म्हणून आडवाटा कितीही चांगल्या असल्या तरी खोल भाग आधी जातो, पृष्ठभाग मागाहून.

बागायतदार काकांनी मग विचारलं, “अन् मे महिन्यात?” अगदी बरोबर. त्याच थेंबांवर डिसेंबरात जगणारं झाड मे महिन्यात जगत नाही. उन्हाळ्याबद्दल खाली लिहिलं आहे.

मग कुणाच्या आडवाटा कमकुवत असतात?

वय वाढतं तशा त्या कमी होतात आणि अरुंद होतात. वर्षानुवर्षांचं उच्च रक्तदाबाचं दुखणं, मधुमेह, पोटाचा घेर आणि त्याबरोबर येणारं सगळं, रक्तात वाढलेलं युरिक अॅसिड, यांचाही कमकुवत आडवाटांशी संबंध दिसला आहे. पण बराचसा वाटा जन्मजात असावा. उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांत आडवाटांची संख्या प्रचंड वेगळी असते आणि त्यामागचं एक जनुकही सापडलं आहे. माणसांत चित्र इतकं सरळ नाही. एखाद्या तंदुरुस्त पन्नाशीच्या माणसाच्या आडवाटा वाईट निघतात आणि सत्तरीच्या मधुमेही मावशींच्या उत्तम. आधी तपासून कळत नाही, त्यामुळे ‘मला तर चांगल्याच असतील’ यावर विसंबून घरी थांबू नका.

गुठळी कुठून आली याने फरक पडतो का?

पडतो. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर हृदयात झालेली गुठळी सुटून एका क्षणात मोठी वाहिनी बंद करते. मेंदूला तयारीला वेळच मिळत नाही. याउलट डोक्यातली रक्तवाहिनी चरबी साठून दहा-पंधरा वर्षं हळूहळू चिंचोळी होत आली असेल, तर आडवाटा आधीच रुंद झालेल्या असतात. आपल्याकडे डोक्याच्या आतल्या वाहिन्या अशा चिंचोळ्या होण्याचं प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा जास्त आहे. हे एरवी वाईटच, पण त्या एका दिवशी कधी कधी तेच उपयोगी पडतं. चंद्रपूरकडच्या काकांचं बहुधा असंच होतं.

जागासुद्धा महत्त्वाची. मानेतून येणारी मोठी वाहिनी डोक्यात शिरून जिथे दोन फांद्यांत फुटते, तिथेच गुठळी बसली तर मधली वाहिनी तर बंद होतेच, शिवाय पुढच्या वाहिनीकडून येणारी मदतही तुटते. वेगाने बिघडणाऱ्यांत असे रुग्ण बरेच सापडतात.

गावातल्या डॉक्टरांनी बीपी २०० पाहून लगेच जिभेखाली कॅप्सूल फोडून दिली. चांगलं केलं ना?

हेतू चांगला, काम घातक ठरू शकतं. या एका मुद्द्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हे आपल्या हातात आहे.

ठिबकाकडे परत या. मेन लाइन चोंदली आहे आणि पाणी पलीकडच्या नळीतून फिरून येतंय. आता कुणी पंपाचा दाब अर्धा केला तर सगळ्यात आधी कोणती झाडं कोरडी पडतील? तीच, जी फिरून आलेल्या पाण्यावर जगत होती. लकव्याच्या वेळी वाढलेला रक्तदाब पुष्कळदा मेंदूनेच वाढवून घेतलेला असतो, आडवाटांतून रक्त ढकलायला. जिभेखाली फोडतात त्या निफेडिपिन नावाच्या रक्तदाबाच्या औषधाने तो किती आणि किती झपाट्याने पडेल याचा भरवसा नाही. १० मिनिटांत २०० चा १२० झाला, तर जो भाग आणखी चार तास टिकला असता तो वाटेतच जातो. नातेवाईक सांगतात, “गाडीत बसवलं तेव्हा थोडं बोलत होते, बुटीबोरीपर्यंत बोलणंच बंद झालं.” अशा वेळी मी पहिला प्रश्न विचारतो: गोळी कोणती दिली होती?

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं असेल तर रक्तदाब १८५/११० च्या खाली आणावा लागतो, पण तो रुग्णालयात, शिरेतून, थेंब मोजत. इंजेक्शन किंवा तारेचा उपचार (वाहिनीतून तार नेऊन गुठळी ओढून काढणं) द्यायचा नसेल तर २२०/१२० पर्यंत सहसा हात लावत नाहीत. यातला कुठलाही निर्णय गाडीत घ्यायचा नसतो. स्कॅनआधी अॅस्पिरिनही नको, कारण रक्तस्राव असला तर ते आगीत तेल. पाणीही पाजू नका. गिळण्याची शक्ती गेलेली असेल तर ते फुप्फुसात जातं.

साखर वाढलेली होती. त्याने काय होतं?

कमी रक्त मिळणाऱ्या भागात भरपूर साखर आणि अपुरा प्राणवायू एकत्र आले की आम्ल साठतं, आणि जगू पाहणाऱ्या पेशी त्यात जातात. गुठळी निघाल्यावर रक्तस्राव होण्याचा धोकाही वाढतो. मात्र इन्सुलिनने साखर अगदी काटेकोर खाली आणून फायदा होतो का हे पाहणाऱ्या २०१९ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत रुग्ण जास्त बरे झाले नाहीत, उलट काहींची साखर धोकादायक पडली. म्हणून आम्ही ती बेताची ठेवतो, धावपळ करून ७० पर्यंत खाली आणत नाही.

उन्हाळ्यात लकवा जास्त वाईट येतो का?

नागपूरचा मे महिना सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे जातो आणि म्हातारी माणसं ‘सारखं लघवीला जावं लागतं’ म्हणून पाणीच पीत नाहीत. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं, दाब पडतो, आडवाटांतून वाहणं मंदावतं. शिवाय अंगात ताप असेल तर पेशींची भूक वाढते. तेवढ्याच थेंबांवर आता कमी पेशी जगतात. म्हणून वॉर्डात आम्ही तापाच्या मागे लागतो, नातेवाईकांना वाटतं लकवा सोडून हे पॅरासिटामॉलचं काय घेऊन बसले. रक्तातलं हिमोग्लोबिन फार कमी असेल तर तेही असंच: रक्त पोहोचतं, पण त्यात प्राणवायू अपुरा.

आमच्या घरात सिकलसेल आहे. मुलालाही लकवा येऊ शकतो?

येऊ शकतो, आणि विदर्भात हे प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवं. आईवडील दोघांकडून सिकलचं जनुक आलेल्या मुलांत मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या वाहिन्या हळूहळू चिंचोळ्या होतात. रक्त आधीच कमी असल्याने मेंदू एरवीच जास्तीत जास्त प्रवाह वापरत असतो, राखीव काही उरत नाही. अशा मुलांची डोक्याची डॉप्लर सोनोग्राफी करून रक्ताचा वेग पाहतात. तो सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर नियमित रक्त देऊन पहिला लकवा बराचसा टाळता येतो, हे १९९८ मध्येच सिद्ध झालं आहे. निव्वळ वाहक असलेल्या मुलांबद्दल हे नाही.

वेगाने बिघडणारा रुग्ण स्कॅनवर ओळखता येतो का?

बऱ्यापैकी. साध्या सीटीवर मधल्या रक्तवाहिनीचा प्रदेश १० भागांत वाटून, बिघडलेल्या प्रत्येक भागाचा एक गुण कापतात. लवकर येऊनही ४-५ गुण उरले असतील तर वेग जास्त. मग शिरेत रंगद्रव्य सोडून अँजिओ केला की गुठळी आणि आडवाटा दोन्ही दिसतात. जरा उशिराने पुन्हा चित्रं घेतली तर आडवाटांतून रक्त उशिरा का होईना पोहोचतं की पोहोचतच नाही, हेही कळतं. मेंदूच्या कुठल्या भागात किती रक्त पोहोचतंय ते दाखवणाऱ्या परफ्यूजन स्कॅनमध्ये संगणक गाभ्याचं माप मिलिलिटरमध्ये देतो. पहिल्या ६ तासांतच गाभा ७० मिलिलिटरच्या वर गेला तर वेगवान आणि ६ तास उलटूनही ३० च्या आत असला तर संथ, असा एक ढोबळ हिशेब वापरला जातो.

एक कबुली देतो. नोकरीच्या सुरुवातीला एका कुटुंबाला मी स्कॅनआधीच म्हणालो होतो, “तासाभरात आलात, छान केलंत, काळजी नको.” स्कॅनमध्ये अर्धा गोलार्ध गेलेला होता. तेव्हापासून चित्र पाहिल्याशिवाय मी वेळेवरून काही बोलत नाही.

पण उपचाराला आता २४ तास मिळतात ना? मग एवढी घाई कशाला?

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. इंजेक्शनची मर्यादा १९९५ च्या चाचणीने ३ तास ठरवली, २००८ मध्ये ती साडेचार तास झाली. मांडीतल्या किंवा मनगटातल्या वाहिनीतून तार नेऊन गुठळी ओढून काढण्याचा उपचार २०१५ मध्ये पाच चाचण्यांनी पक्का केला. २०१८ मध्ये ‘डॉन’ नावाच्या चाचणीने ६ ते २४ तासांतल्या रुग्णांत तो वापरला. त्यात उपचार मिळालेले ४९ टक्के लोक तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकत होते, न मिळालेल्यांत १३ टक्के.

आता त्या चाचणीत कोण घेतले होते ते पाहा. इतके तास उलटूनही ज्यांचा गाभा लहान होता, तेवढेच. म्हणजे संथ वेगाचेच. वेगवान रुग्ण त्या दारापर्यंत पोचतच नाही, त्याचा भोवतालचा भाग दुपारच्या जेवणाआधीच संपलेला असतो. घरी बसून तुम्हाला कळणार नाही की आपला रुग्ण कुठल्या गटातला, म्हणून प्रत्येकाला वेगवान धरूनच निघायचं.

गडचिरोलीहून निघायचं असेल तर?

गडचिरोली ते नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. वेगवान रुग्णाला एवढा रस्ता झेपत नाही. त्यामुळे जवळ जिथे सीटी आहे आणि इंजेक्शन देण्याची सोय आहे, तिथे आधी इंजेक्शन, आणि मोठी वाहिनी बंद असल्याचा संशय असेल तर लगेच पुढची गाडी. जवळच्या ठिकाणी सीटीच नसेल तर तिथे सलाइन लावून दोन तास काढण्यात अर्थ नाही. फोन करून विचारा, “सीटी सुरू आहे का? लकव्याचं इंजेक्शन देता का?” दोन प्रश्नांना अर्धं मिनिट लागतं. भंडारा, उमरेड, काटोलसारख्या तासा-दीड तासाच्या अंतरावरून मात्र पुष्कळदा थेट नागपूर हाच जवळचा मार्ग ठरतो. १०८ वर फोन करताना ‘चक्कर आली’ म्हणू नका, ‘लकव्याचा झटका आहे’ असं स्पष्ट सांगा. आणि रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून घ्या. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर रात्री झोपतानाची वेळ.

डॉक्टर म्हणाले बराच भाग आधीच गेलाय. मग गुठळी काढून फायदा नाही?

काही वर्षांपूर्वी आम्हीही ‘नाही’ म्हणायचो. २०२२ मध्ये जपानच्या आणि २०२३ मध्ये चीनच्या व आणखी काही देशांतल्या चाचण्यांनी दाखवलं की मोठा गाभा असलेल्यांतही गुठळी काढल्याने फायदा होतो. फायदा म्हणजे चालत घरी जाणं, असं दर वेळी नाही. अंथरुणाला खिळण्याऐवजी आधाराने बसणं, हाही असतो. तुमच्या रुग्णात कितपत अपेक्षा ठेवावी, हे विचारायला लाजू नका.

गुठळी पूर्ण निघाली म्हणतात, तरी आई तशीच आहे.

मोठी वाहिनी उघडली तरी पुढच्या केसाएवढ्या वाहिन्या सुजून किंवा बारीक गुठळ्यांनी बंद राहू शकतात. बऱ्याचदा मात्र कारण साधं असतं: वाहिनी उघडेपर्यंत भोवतालचा भाग संपलेला होता.

दाखल केलं तेव्हा बरे होते, दुसऱ्या दिवशी हात पूर्ण गेला. इथे काही चुकलं का?

चूक असू शकते, पण बहुतेक वेळा आजाराचीच चाल असते. खोल जाणाऱ्या बारीक वाहिनीचं तोंड चरबीने बंद होत जातं तेव्हा लकवा पायऱ्यापायऱ्यांनी, एक-दोन दिवसांत वाढतो. मोठ्या लकव्यात दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सूज येते, रुग्ण झोपाळू होत जातो. साठीच्या आतल्या रुग्णात अशा वेळी ४८ तासांच्या आत कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा देतात. २००७ मध्ये तीन युरोपीय चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा या शस्त्रक्रियेने मृत्यू ७१ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले होते. सही मागायला आलो की घरचे हादरतात, आणि मला ते समजतं. पण त्या सहीसाठी गावाहून मोठ्या काकांची वाट पाहू नका.

कबुतराचं रक्त चोळल्याने नस मोकळी होते म्हणतात.

होत नाही. आणि कबूतर शोधायला लागलेले दोन तास वाया जातात ते वेगळेच.

वडिलांचा वेग जास्त होता, म्हणजे आम्हा भावंडांचाही असेल?

असेलच असं नाही. आडवाटांत अनुवंशाचा वाटा असावा, पण वडिलांकडून मुलाकडे त्या कशा येतात हे सांगणारी रक्ततपासणी नाही, आणि कुणी विकत असेल तर घेऊ नका. नाडी अनियमित आहे का हे मात्र चाळिशीनंतर कुणीही पाहून घ्यावं, त्याला मनगट आणि एक मिनिट लागतं. उमरेडच्या त्या मुलाची मी तिथेच, बाकावर बसून पाहिली. ठोके सरळ होते. रक्तदाब मात्र १६० निघाला, आणि त्याला तो आहे हे त्याला त्या दिवशीच कळलं.